नळी आम्ही टाकली, मग रुग्ण कुणाचा?

रेडिऑलॉजी विभागात दिवसभर चिठ्ठ्या येत असतात. गाठीने पित्तनलिका दबून कावीळ झालेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘प्लीज डू पीटीबीडी’, म्हणजे कातडीतून यकृतातल्या पित्तनलिकेत नळी टाकून तुंबलेलं पित्त बाहेर काढा. वय, वॉर्ड, बेड नंबर आणि खाली निवासी डॉक्टरची घाईत मारलेली सही. नळी कशासाठी, किती दिवसांसाठी, घरी गेल्यावर ती सांभाळायची कशी, हे रुग्णाला कुणी सांगितलंय का, याला चिठ्ठीवर रकाना नसतो. मी इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं मी ती चिठ्ठी म्हणजेच रुग्ण असं समजून काम केलं. चिठ्ठी आली, नळी टाकली, नोंद केली, पुढची चिठ्ठी. हे चुकीचं होतं, आणि अजूनही बहुतेक ठिकाणी हे असंच चालतं, म्हणून लिहितो आहे.

आमचं काम काय, हे आधी सांगायला हवं, कारण रेडिऑलॉजिस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोनोग्राफीची अंधारी खोली आणि खाली कुणीतरी सही केलेला रिपोर्ट येतो. आमच्यापैकी काही जण मात्र सोनोग्राफी, सीटी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई आत नेतात. कातडीला दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र, त्यातून तार, तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी. तुंबलेल्या किडनीत नळी टाकून लघवीला वाट करून देतो, यकृतातला पू काढतो, बाळंतपणानंतर थांबत नसलेला रक्तस्राव गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करून थांबवतो, डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्चुला बंद पडत चालला तर फुगवून मोकळा करतो, यकृतातली गाठ सुईच्या टोकाशी उष्णता देऊन जाळतो. हे सगळे उपचार आहेत, तपासण्या नव्हेत. आणि उपचार करणाऱ्याला रुग्णाची जबाबदारी असते, निदान असायला हवी.

काही वर्षांपूर्वी मी एका सरकारी रुग्णालयात होतो. एका सकाळी लिफ्टपाशी एक आजोबा भिंतीला टेकून बसलेले दिसले. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगावर घोंगडी, तरी थंडी वाजत होती. धोतराच्या कमरेला सुताच्या नाड्याने पित्ताची पिशवी बांधलेली, आणि पिशवी रिकामी. सदरा वर केला तर नळी चार बोटं बाहेर सरकलेली. टाका ओळखीचा वाटला. माझाच होता. एकोणीस दिवसांपूर्वी घातलेला. नळीभोवतीची कातडी पित्त झिरपून सोलवटल्यासारखी झाली होती.

सोबत सून होती. आदल्या दिवशी पहाटेच्या एसटीने दोघं आली होती. सर्जरीच्या ओपीडीत सांगितलं, ही नळी आमची नाही, सोनोग्राफीवाल्यांकडे जा. आमच्या खिडकीवर सांगितलं, आम्ही थेट पेशंट बघत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणायला परत गेली तोवर ओपीडी बंद झाली होती. रात्र व्हरांड्यात काढली. आमच्या खिडकीवरच्या माणसाला मी तेव्हा दोष देऊ शकलो नाही आणि आजही देत नाही. नियम त्याने केलेला नव्हता. आम्ही थेट रुग्ण बघत नाही हे खरंच होतं.

नळी बदलून त्यांना दाखल केलं, अँटिबायोटिक सुरू केलं, दोन दिवसांनी ताप उतरला. तेव्हा कुठे त्या बाईंनी मला विचारलं, “डॉक्टर, पिशवीत जास्त आलं तर चांगलं, का कमी आलं तर चांगलं?” एकोणीस दिवस ती बाई रोज पिशवी रिकामी करत होती आणि एवढी साधी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. घरातलं स्टीलचं माप घेऊन ती मोजतही होती. आकडे मनात धरून आली होती, पण ते कुणाला सांगायचे हे माहीत नव्हतं. पिशवीतलं येणं अचानक थांबलं तर नळी बंद झाली असेल किंवा सरकली असेल. फार येत असेल तर पित्ताबरोबर शरीरातलं मीठ आणि पाणी वाहून जातं, माणूस गळून जातो, किडनीवर ताण येतो, म्हणून मीठ घातलेली पेज, पाणी भरपूर द्यायचं. नळीतून ठरावीक दिवसांनी सलाइन सोडायचं, आणि दोन-तीन महिन्यांत नळी बदलायची. हे सगळं मला पाठ होतं. नळी टाकली त्या दिवशी आजोबा टेबलावर माझ्यासमोर पाऊण तास होते, आणि सून दाराबाहेर उभी होती.

सर्जरीच्या डॉक्टरांनी हे सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मी स्वतःही तसं बरेच दिवस म्हणत होतो. पण ती नळी कोणत्या मापाची आहे, उजव्या बाजूच्या पित्तनलिकेतून गेली की डाव्या, अडथळा ओलांडून आतड्यात पोहोचली की अलीकडेच राहिली, टाकताना रक्त आलं होतं का, हे त्यांना माझ्या दोन ओळींच्या रिपोर्टमधून कळणार होतं. मी दिवसाला चार नळ्या टाकायचो, ते महिन्यात दोन बघायचे. नळीचं जे काही होणार होतं ते मला आधी कळलं असतं. तरी नळी टाकल्यावर माझा संबंध संपला, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या विषयाची सुरुवात अशी नव्हती. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंड इथे १६ जानेवारी १९६४ रोजी चार्ल्स डॉटर या रेडिऑलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अरुंद झालेली रोहिणी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांनी रुंद केली. पायाला गँगरीन सुरू झालं होतं. सर्जननी पाय कापायला सांगितलं होतं, आणि बाईंनी ठाम नकार दिला होता. पाय गरम झाला आणि वाचला. बाई पुढे मरेपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. रक्तवाहिनीतून, सुरीशिवाय केलेला हा पहिला अँजिओप्लास्टीचा उपचार. त्याच काळात दुसऱ्या एका रुग्णासाठी डॉटरकडे आलेल्या चिठ्ठीवर सर्जनने लिहिलं होतं की फक्त दाखवा, दुरुस्त करायला जाऊ नका. चिठ्ठीचा आणि आमचा संबंध इतका जुना आहे!

या माणसाचं मला मोठेपण वाटतं ते नळ्यांमुळे नाही. १९६८ मध्येच त्याने आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं की, या उपचारासोबत येणारी रुग्णाची जबाबदारी तुम्ही घेतली नाहीत, तर तुम्ही भारी पैसे घेणारे प्लंबर होऊन बसाल आणि हे क्षेत्र तुमच्या हातून जाईल. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १९७७ मध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतः बलून तयार करणाऱ्या आंद्रेयास ग्रुंट्सिग या डॉक्टरने झुरिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बलून फुगवला. पुढे काय झालं ते आज गावोगावी दिसतं. अँजिओप्लास्टी म्हटलं की लोक हृदयरोगतज्ज्ञाचं नाव घेतात. मूळ तंत्र रेडिऑलॉजिस्टचं होतं, हे डॉक्टरांनाही आठवत नाही.

आमच्या परिषदांमध्ये हे हळहळत सांगितलं जातं, जणू काही वडिलोपार्जित जमीन कुणी लाटली. मला ती हळहळ पटत नाही. हृदयाच्या रुग्णाचं त्यात भलंच झालं. हृदयरोगतज्ज्ञाने छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला आधी तपासलं, गोळ्यांवर भागेल की नाही ते ठरवलं, मग कॅथलॅबमध्ये नेलं, रात्री राउंडला जाऊन मांडीची जखम बघितली, महिन्याने परत बोलावलं, बीडी सोडली का विचारलं. त्याच्याकडे ओपीडी होती, वॉर्ड होता, बेड होते. आमच्याकडे अंधारी खोली होती. क्षेत्र त्याच्याकडे गेलं ते रुग्ण त्याच्याकडे होता म्हणून. आमचं म्हणणं क्षेत्र परत मिळावं असं असेल तर ते कुणी ऐकू नये. पण यकृताच्या, किडनीच्या, गर्भाशयाच्या, फुप्फुसाच्या ज्या रुग्णांना आज आम्ही हात लावतो, त्यांना हृदयाच्या रुग्णासारखा एक डॉक्टर मिळावा, हे म्हणणं ऐकलं पाहिजे.

संमतीचंच बघा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला चालत नाही. आणि संमती खरी ठरायची तर उपचाराचं स्वरूप, त्याचे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजलेलं असलं पाहिजे. आता प्रत्यक्षात काय होतं? वॉर्डातला इंटर्न छापील फॉर्मवर अंगठा घेतो आणि स्ट्रेचर आमच्याकडे ढकललं जातं. बाकी उपचारांत एक वेळ हे खपून जात असेल. पण क्षयाने फुप्फुस पोखरलेला, वाटीवाटीने रक्त थुंकणारा रुग्ण रात्री दोनला आला की काय करायचं? असा रुग्ण रक्त कमी होऊन क्वचितच मरतो, श्वासनलिकेत रक्त भरून गुदमरतो, म्हणून वेळ मिनिटांची असते. फुप्फुसाकडे जाणाऱ्या त्या बारीक रक्तवाहिन्या आम्ही कण सोडून बंद करतो. या उपचाराने अनेकांचे जीव वाचलेत. पण त्यातल्याच एखाद्या फांदीतून कधी कधी मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त जातं. ती चुकून बंद झाली तर दोन्ही पाय लुळे पडू शकतात. हे क्वचित होतं, पण होतं.

हे त्या माणसाच्या बायकोला कोण सांगणार? ज्याने ही रक्तवाहिनी पडद्यावर कधी पाहिली नाही, तो इंटर्न? एका ट्रकचालकाच्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही करणार ना? मग तुम्ही नीट बघून करा.” तिला आकडेवारी नको होती. जो सांगतो आहे तोच आत जाऊन करणार आहे, एवढं तिला हवं होतं. तिचा नवरा बरा झाला. झाला नसता तरीही ते बोलणं माझंच काम होतं.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडची, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींची, गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर आहे, कारण तिथे रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करून फायब्रॉइड आटवण्याचा उपचार १९९५ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी जगापुढे मांडला. ब्रिटनमध्ये १५७ स्त्रियांवर झालेल्या तुलनेचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. वर्षानंतर आयुष्याची गुणवत्ता शस्त्रक्रियेइतकीच, रुग्णालयातला मुक्काम पाच दिवसांऐवजी एक दिवस, पण काही जणींना नंतर पुन्हा उपचार लागले. म्हणजे हा उपचार सगळ्यांसाठी नाही. मूल हवं असलेल्या स्त्रीला मी सहसा आधी स्त्रीरोगतज्ज्ञाचंच ऐकायला सांगतो. पण पंचेचाळिशीची बाई, मूलबाळ झालेलं, पाळीत रक्त जाऊन हिमोग्लोबिन सहावर आलेलं, तिला ‘पिशवी काढून टाका’ याखेरीज दुसरं काही आहे हे किती ठिकाणी सांगितलं जातं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जाण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तो प्रश्न फायब्रॉइडचा नव्हता, गरिबीचा, कामाला न आल्यास मुकादम कापतो त्या खाड्याचा आणि विनाकारण शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा होता, आणि आमचा उपचार त्यावरचं उत्तर नाही. पण पिशवी काढायची की नाही हे ठरवताना बाईला पर्याय विचारायला दुसरं दारच नसतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. आमची ओपीडी असती तर ते एक दार असतं.

शिवाय हा उपचार केल्यावर पहिल्या रात्री पोटात फार दुखतं. पुढचे काही दिवस कणकण, मळमळ राहते. हे अपेक्षित असतं. न सांगितलेल्या बाईला मात्र आपल्याला फसवलं असं वाटतं. ती घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, आणि तो तापाला जंतुसंसर्ग समजून तीच पिशवी काढतो. नीट झालेला उपचार वाया जातो, कारण दुखतंय हे कुणाला फोन करून विचारायचं ते तिला माहीत नसतं.

आमच्याविरुद्धचे आक्षेप मी रोज ऐकतो, आणि त्यातले सगळे खोटे नाहीत. रेडिऑलॉजिस्टला वॉर्डातलं काय कळतं, हा पहिला. खरं आहे. एमबीबीएसनंतर एमडीची तीन वर्षं आम्ही चित्रं वाचतो. रक्तदाब कोसळलेल्या माणसाचं सलाइन किती वेगाने सोडायचं, इन्सुलिन किती द्यायचं, हे हात विसरतात. मी ते पुन्हा शिकलो, बऱ्याच अंशी सिस्टर लोकांकडून. म्हणून तर वेगळं प्रशिक्षण लागतं. अमेरिकेत २०१२ मध्ये इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीला मूळ विषयाचा दर्जा मिळाला तो चित्र वाचणं, उपचार करणं आणि रुग्ण सांभाळणं या तिन्हींचा एकत्र विचार करून. त्यांच्या विद्यार्थ्यांना अतिदक्षता विभागात काम करावं लागतं. ब्रिटनने २०१० मध्ये याला उपशाखा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडेही या विषयात डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, करता येतं. पण जागा मोजक्या, आणि डीएम होऊन बाहेर पडलेला डॉक्टर जिथे नोकरीला लागतो तिथे त्याला पुन्हा सकाळी पन्नास सोनोग्राफी करायला बसवतात. वॉर्डात जायचं म्हटलं तर विभागप्रमुख विचारतात, तिकडे काय काम आहे?

दुसरा आक्षेप माझ्या सर्जन मित्राचा. एका रुग्णाला पाच डॉक्टर झाले तर तो कुणाचं ऐकेल? कर्करोगाच्या रुग्णाचा मुख्य डॉक्टर एकच असावा, हे मला मान्य आहे, आणि तो मी असावा असा माझा हट्ट नाही. पण आपापल्या कामाची जबाबदारी प्रत्येकाने घेतली म्हणून रुग्ण गोंधळत नाही. कुणीच घेतली नाही की तो व्हरांड्यात झोपतो.

आणि तिसरा, जो सहसा तोंडावर बोलला जात नाही: स्वतःची ओपीडी मिळाली की हे लोक पैशासाठी येईल त्याला सुई टोचतील. भीती खोटी नाही, ती प्रत्येक शाखेबद्दल खरी आहे. पण आजची व्यवस्था जास्त वाईट आहे. आज माझ्याकडे रुग्ण पाठवणारा डॉक्टर हाच माझा खरा ग्राहक आहे. त्याने ‘पायातली रक्तवाहिनी मोकळी करा’ असं लिहिलं आणि मला वाटलं की या माणसाला तूर्त रोज चालण्याचा व्यायाम, तंबाखू बंद आणि गोळ्या पुरेत, तर मी ते कुणाला सांगू? ‘नाही’ म्हटलं तर पुढचा रुग्ण दुसऱ्या सेंटरला जातो. कट प्रॅक्टिसविरोधात, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेण्याविरोधात, २०१७ मध्ये राज्यात कायद्याचा मसुदा झाला होता, त्यावर पुष्कळ बोललं गेलं. पण रुग्णाशी थेट नातं नसलेल्या डॉक्टरला नकार द्यायची ताकदच नसते, हा मुद्दा त्या चर्चेत मी कुठे ऐकला नाही. माझ्या ओपीडीत मी पहिल्यांदा रुग्णाला ‘तुम्हाला याची गरज नाही’ म्हणू शकलो. चिठ्ठीवर ते कधी लिहिता आलं नव्हतं.

हो, आता माझी ओपीडी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन तास, दुसऱ्या विभागाची खोली रिकामी असते तेव्हा. आपल्या राज्याच्या जन आरोग्य योजनेत इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीचे उपचार वेगळ्या शाखेखाली मोजले जातात, त्यांचे पैसे रुग्णालयाला मिळतात. पैशाच्या हिशेबात जी शाखा आहे ती रुग्णालयाच्या पाटीवर नाही. मागणी फार मोठी नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत जिथे हे उपचार होतात तिथे आठवड्यातून दोन-तीन दिवस ठरलेली ओपीडी, आमच्या नावावर चार-सहा बेड, केसपेपरवर आमच्या टिपणाला जागा, उपचार करणाऱ्यानेच संमती घ्यायची असा लेखी नियम, आणि नळीच्या रुग्णांसाठी एक सिस्टर. मनुष्यबळ नाही हे कारण मला ठाऊक आहे. पण सरकलेली नळी घेऊन तापाने फणफणलेला माणूस परत येतो तेव्हा अतिदक्षता विभागात त्याला लागणारं मनुष्यबळ याहून कितीतरी जास्त असतं.

ते आजोबा तीन महिन्यांनी गेले, घरीच. कर्करोग होता, ते होणारच होतं. पण त्या तीन महिन्यांत नळी दोनदा बदलली आणि तापाने एकदाही दाखल व्हावं लागलं नाही. सूनबाई महिन्यातून एकदा वही घेऊन यायच्या. शाळेची रेघी वही, एका पानावर तारीख आणि पिशवीतलं माप. त्या वहीवरूनच मी एक कार्ड तयार केलं. आता नळी टाकलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात ते देतो आणि समोर बसवून वाचून घेतो. पहिली ओळ त्यांच्याच प्रश्नाची आहे: पिशवीत रोज किती येतं ते लिहून ठेवा, आणि अचानक थांबलं, फार वाढलं, रक्त आलं किंवा थंडी वाजली तर चिठ्ठीची वाट न बघता या नंबरवर फोन करा. नंबर माझ्या मोबाइलचा आहे, कारण विभागाला त्यासाठी फोन नाही.